मी रोज पहाटे धार काढते

कसं सांगावं तुम्हाला! लोकांची फजिती होते ती खोटं बोलून. माझी झाली ती शब्दन् शब्द खरा बोलून!

स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही केडगावला राहत होतो. नगरच्या आमच्या महिला मंडळानं दारूबंदीचं काम घेतलं होतं. गावोगाव जायचं, बायकांशी बोलायचं आणि ‘आजपासून मी दारू गाळणार नाही, पिणार नाही’ अशा शपथेच्या कागदावर सह्या-अंगठे घेऊन यायचं. माझ्या वाट्याला आली अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक वाडी. कड्याच्या अगदी टोकावरची, आणि मोहाच्या दारूसाठी पंचक्रोशीत नावाजलेली!

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “तुम्ही फार मऊ बोलता हो. कागद कोरा परत आला, तर पुढं तुम्हाला हळदीकुंकवाचे हरभरे भिजवायलाच बसवीन.”

मी ठरवलं, काही झालं तरी कोरा कागद आणायचा नाही!

आमचे ‘हे’ मास्तर. सुट्टी होती म्हणून राजूरपर्यंत सोबत आले. तिथून कडा पाहिला आणि म्हणाले, “तू हो पुढं. मी इथं पिशव्या सांभाळतो.” पिशवी एकच होती, आणि ती माझ्या खांद्याला!

धापा टाकत वर पोचले. काय सुंदर गाव! खाली पाहिलं तर उडणाऱ्या घारींच्या पाठी दिसत होत्या. अंगणाअंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. आणि शांतता तर अशी, की माझ्याच चपलांचा मला संकोच वाटावा. मनात म्हटलं, किती शांत स्वभावाची ही माणसं! आता माझी पांढरी साडी आणि हातातला कागद बघून सगळ्यांनी पटापट दारं लावून घेतली होती, हे मला कुठून कळणार?

फक्त एका ओट्यावर ठकूबाई नावाची म्हातारी आणि तिची सून हौसा बसल्या होत्या. मीही टेकले, केडगावच्या मास्तरांची बायको अशी ओळख सांगितली. मंडळात बजावलं होतं, गेल्या गेल्या दारूचं नाव काढायचं नाही; आधी घरातलं, गाईगुरांचं बोलायचं. समोर व्यालेली गाय बांधलेली होतीच. मी गोड आवाजात विचारलं, “काय आजी, धार काढता की नाही घरी?”

दोघींचे चेहरे उतरले.

“न्हाई बया! धार? आमी न्हाई काढत.”

“कधीच नाही?”

“देवाशप्पत न्हाई! शेजारचे काढत आसतील, आमाला ठावं न्हाई.”

दारात गाय, आणि म्हणे धार काढत नाही! मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून लपवतात बिचाऱ्या. म्हटलं, यांची भीड मोडली पाहिजे.

“अहो, त्यात लपवायचं काय? मी स्वतः रोज पहाटे धार काढते.”

“तुमी? सवता?” हौसाचा पदर तोंडावर गेला.

“मग! सकाळी तीन शेर, संध्याकाळी दोन.”

“दोन येळा? आन् मास्तर काय म्हनत न्हाईत?”

“ते काय म्हणणार? पेलाभर घेतल्याशिवाय शाळेत जात नाहीत.”

बाजूची दोन दारं किलकिली झाली. बायका एकेक करून ओट्याशी आल्या. मला वाटलं, वा! माझं बोलणं लागू पडतंय.

“पानी किती घालता?” एकीनं विचारलं.

“थेंबभरसुद्धा नाही!”

“आन् फौजदार?” ठकूबाईनं हळूच विचारलं.

“फौजदारांकडे तर माझाच रतीब आहे.”

सगळ्याजणी माझ्याकडे देवीकडे बघावं तशा बघायला लागल्या. मला आणखी चेव आला. “पहिल्या धारेचं मात्र मी मुलांना देते. धाकटा चार वर्षांचा आहे. रात्री पेला रिकामा केला, की कसा गाढ झोपतो!”

“झोपंल न्हाई तर काय!” हौसा पुटपुटली.

ठकूबाई उठून आत गेली आणि पळसाच्या पानानं झाकलेला तांब्या घेऊन आली. “घ्या बाई. तुमच्याम्होरं आमची काय लपवालपवी! आमचंबी पहिल्या धारेचं हाय. चाखा.”

पान उचललं मात्र, वासानं माझं डोकंच भणाणलं!

“आजी! ही तर दारू!”

“मंग?”

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन शेर, मास्तर, फौजदार, धाकटा... अरे देवा! “आजी, मी गाईची धार म्हणत होते हो! गाईची!”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग ठकूबाईनं माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. “व्हय बाई, व्हय. गाईचीच. आमीबी फौजदार आला की गाईचीच म्हनतो.”

काय हसल्या बायका! मी परोपरीनं सांगितलं, गाईचं नाव सांगितलं, तिचा रंग सांगितला. जितकं सांगावं तितकं खोटं वाटायला लागलं.

शेवटी घाईघाईनं शपथेचा कागद वाचून दाखवला. ठकूबाईनं मन लावून ऐकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“लई चांगला कागद हाय. बाई, आधी तुमीच करा सई. आवो, आमी इतकं गाळतो, पन लेकराला बोट न्हाई लावून देत! चार वर्साचं पोर तुमचं... नका देऊ त्याला, बाई. पाया पडते तुमच्या.”

खरंच वाकायला लागली हो ती! काय करणार? केली सही.

“आता तुमी वरीसभर पाळून दावा,” ठकूबाई म्हणाली, “मंग आमी समद्या आंगठं देतो.”

पुढच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी माझा कागद उघडला. कोरा नव्हता! वर माझी वळणदार सही, आणि खाली साक्षीदार म्हणून ठकूबाईचा अंगठा.

त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, “किती वर्षांपासून घेत होता हो?”