मोठं बटण

उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या गाळ्यात एक कारागीर प्रयोगशाळांची यंत्रं दुरुस्त करतात. गोल बटण डोळे मिटून फिरवायचं आणि प्रत्येक खटक्याला मान हलवायची, ही त्यांची सवय. मधेच थांबून म्हणतात, ‘हे बघा सर, इथं एक खटका खातंय.’

मागं आमच्या कॉलेजातला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्यांच्याकडं दिला होता. बटण पुढं फिरवलं तरी पडद्यावरचा आकडा मागं उडायचा. आणायला गेलो तेव्हा सोबत दोन सहकारी होते. आतला बिघडलेला भाग कारागिरांनी बदलला होताच, शिवाय वरचं बारीक बटण काढून खाचांचं मोठं बटण बसवलं होतं.

ते कशासाठी, हे मला लगेच कळलं. माझी बोटं थरथरतात, हे मी कॉलेजात सगळ्यांपासून लपवत होतो.

‘हे कुणी सांगितलं तुम्हाला?’ मी सगळ्यांदेखत ओरडलो. ‘आधीचंच लावा.’

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा सहकाऱ्यांकडं पाहिलं. ‘माझंच चुकलं सर,’ एवढंच म्हणाले आणि जुनं बटण लावून दिलं.

माफी मागायची राहूनच गेली. अजूनही जातो, ते चहा मागवतात. पण आता साधा स्क्रू काढण्याआधीसुद्धा विचारतात, ‘सर, काढू ना?’ पूर्वी कधी विचारत नसत.