कुलूप नसलेली रिव्हॉल्व्हरं

गुरुनाथ खासनिसांना नव्याचं वावडं नव्हतं. गाडी नवी, फोन नवा, गुडघेसुद्धा दोन्ही नवे. जुनी लागायची ती फक्त रिव्हॉल्व्हरं, आणि तीही कुणीतरी वापरलेली. अमेरिकेत शुगर लँडला आल्यापासून त्यांनी तीन घेतली. तिन्ही त्यांच्या लग्नाआधी घडवलेली.

तेलविहिरींची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस तो. दुकानात कुणी नवं कोरं हातात दिलं की चाप एकदा ओढून बघायचे आणि मुकाट्यानं खाली ठेवायचे. घरी येऊन सांगायचे, आतले भाग इडलीपात्रातून काढल्यासारखे, सगळे साच्यातले. जुन्यात कसं, कुणा कारागिरानं कानशीनं घासून घासून एकेक भाग दुसऱ्यात बसवलेला. आणि पन्नास वर्षं वापरून जे बिघडलं नाही ते आता काय बिघडणार? नव्यांच्या कुशीला किल्लीचं बारीक भोक असतं, किल्ली फिरवली की चाप अडकतो. ते भोक तर त्यांच्या डोळ्यांत सलायचं. ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्यानं कुलूपवालं घ्यावं, म्हणायचे.

"मग मलाही जुनी म्हणूनच ठेवलीत वाटतं," रत्नाबाई एकदा म्हणाल्या.

"तुझा चाप फार हलका. बोट लागायच्या आत सुटतेस."

ते हसायचे दिवस गेले. गेल्या वर्षी विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग घरचा रस्ता, मग जेवलो की नाही तेही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा ठेवू नका म्हणाले. ऑगस्टात एसी दुरुस्त करणारा मागच्या दारानं आला. फोन करून बोलावलेला यांनीच. रत्नाबाई देवघरातून बाहेर येतात तो हे त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखून उभे. त्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही कोण?" गुरुनाथरावांनी विचारलं.

दूर नेपरव्हिल गावी राहणाऱ्या मुलाचा, केदारचा, फोन आला. आई, आता घरात ठेवू नकोस, निदान लॉक तरी लाव, म्हणाला. लॉक लावायला भोक होतं कुठं? पोलादी कपाटाची किल्ली यांच्या जानव्याला, आंघोळीतसुद्धा अंगावर. मागितली की मूठ आवळून धरायचे. कपाट त्यांच्यादेखत फोडावं, तर त्या रागात काय होईल याचा नेम नाही.

वर्षातून एकच दिवस तिन्ही एकदम बाहेर यायची: खंडेनवमीला. यांच्याच हातानं काडतुसं निघायची, तिन्ही पाटावर मांडली जायची. पूजेला पाण्याचा थेंब नाही, गंज चढतो. स्नान तेलाच्या बोटाचं, वर कोरड्या अक्षता. मग दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. रत्नाबाईंनी त्या तिथीची वाट बघत दोन महिने काढले. दाराला कडी, घरी कुणाला बोलावणं नाही.

नवमीला केदार आला. यांनी सगळे मंत्र एकही न अडखळता म्हटले. इतका शाबूत माणूस बघून रत्नाबाईंचं मन डळमळलं. जेवून गुरुनाथराव झोपले, तसा केदार खोका घेऊन उभा राहिला.

"आई, लवकर."

पूजेतली मांडलेली वस्तू उत्तरपूजेआधी त्यांनी जन्मात हलवली नव्हती. हात जोडले, पण क्षमेचे शब्दच सुचेनात. केदारला त्यांनी हात लावू दिला नाही. पाप लागायचंच तर एकाच डोक्यावर असू दे. एकेक उचलून त्यांनी खोक्यात ठेवलं. ज्या दुकानातून आली होती तिथंच तो ती परत घेऊन गेला.

चारच्या सुमाराला गुरुनाथराव उठून पाटाशी आले.

"माझी कुठं गेली?"

खरं सांगायचं असं रत्नाबाईंनी ठरवलं होतं. त्यांचा चेहरा बघून भलतंच बोलून गेल्या.

"तुम्हीच नाही का दिलीत, मागच्या महिन्यात? विसरलात?"

जानव्याची किल्ली त्यांनी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"हो का," म्हणाले. मग हळूच, "घेणाऱ्याला कळतं ना काही? कानशीचं काम ओळखतो?"

"ओळखतो. म्हातारा आहे. हात बघितले मी त्याचे."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. आता रोजचाच झालाय. रत्नाबाई रोज तो नसलेला म्हातारा उभा करतात. त्याला त्यांनी चष्मा दिलाय, मागच्या खोलीत कामाचं टेबल दिलंय. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात, पण क्षमा मागत नाहीत. उद्या पुन्हा तेच बोलायचं, मग कुठल्या तोंडानं मागणार?

परवा गुरुनाथराव म्हणाले, भला माणूस दिसतो, एकदा चहाला बोलाव की. बोलावते, रत्नाबाई म्हणाल्या.