स्क्रूवरचं लाल सील

बडनेरा रोडवरच्या आपल्या कार-ऑडिओच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांची गाणी ऐकून शेखरला गाण्यांचा वीट आला होता. घरी गेल्यावर तो टीव्हीसुद्धा लावत नसे. लावला, तर बायको रागिणी आतून ओरडे, "अवो, कमी करा ना, सारी गल्ली आइकून राह्यली!" त्याला तो आवाज बेताचाच वाटे.

अकोल्याच्या जुन्या शहरात महादेवरावांच्या हाताखाली तो हे काम शिकला, तेही मीटर न लावता. गाणं सुरू करायचं, अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, स्क्रूने वाढवत न्यायचा, आवाज फाटायला लागला की थोडं मागं यायचं. आवाज फाटतो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपलेली असते. तरी तो ढकलत राहतो, आणि सबवूफरची, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल तापत तापत शेवटी जळते. शेखरने लावलेला सबवूफर जळत नाही, अशी ख्याती होती. तिच्यावरच दुकान चालत होतं.

गेन बसला की तो स्क्रूवर लाल नखपॉलिशचा ठिपका देई. नंतर कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडके. सबवूफर जळाला म्हणून कोणी भांडायला आलं की शेखर नुसता तडकलेला ठिपका दाखवी. माणूस मुकाट्याने परत जाई.

त्या दुपारी परतवाड्याचा कुलदीप काळीपिवळी जीप घेऊन आला. मागचं दार उघडताच जळक्या वार्निशचा वास आला.

"भाऊ, तुमचा सबवूफर गेला. सवाऱ्या म्हणे, गाडीत काही जळून राह्यलं. धारणीच्या रस्त्यावर उतरूनच गेल्या."

"गेन वाढवला असशील बे तू."

"मी? मले तर तो स्क्रू कुठी आहे तेबी मालूम नाही."

शेखरने सीट उचलली. गुडघे कुरकुरले. अ‍ॅम्प्लिफायरवर धूळ होती. धुळीखालचा लाल ठिपका शाबूत होता.

त्याने तो नखाने चाचपला. मग टेपचा बास तपासला. तोही त्याने ठेवला होता तिथंच होता.

शेखरने दुकानातला जुना सबवूफर जोडला आणि टेपमध्ये होतं ते गाणं लावलं. आवाज भरदार होता, स्वच्छ होता. कुलदीपचं तोंड मात्र आंबट चिंच चावल्यासारखं झालं.

"काय झालं?"

"काय झालं काय? फाटून राह्यला ना! तुमाले आइकू येत नाही का?"

शेखरने कान स्पीकरजवळ नेला. काहीच खरखर नव्हती. म्हणजे असणार, पण त्याच्यापर्यंत येत नव्हती. घरचा टीव्ही त्याला आठवला. एवढ्यात आणखी कोणाकोणाच्या गाड्यांत सबवूफर बसवले, ते मात्र नीट आठवेना.

त्याने पेचकसाच्या टोकाने ठिपका फोडला.

"मी कमी करत जातो. फाटणं थांबलं की सांग."

तो स्क्रू फिरवत राहिला. त्याच्या हिशेबाने आवाज कधीच पुरेसा कमी झाला होता.

"अजून, भाऊ. अजून थोडं... हं, आता बस."

"चूक माझी हाय. कॉइल मीच बदलून देतो," शेखर म्हणाला.

"राहू द्या ना भाऊ, होते असं," कुलदीप खाली बघत म्हणाला. खरं तर तो भांडायच्या तयारीने आला होता.

बाहेर दुसरी गाडी येऊन उभी राहिली. तिच्या मालकाला नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा होता. "लावून द्या मस्त," तो काचेतून म्हणाला, "तुमच्या कानावर भरवसा आहे."

शेखरने नखपॉलिशची बाटली उचलली, बघितली आणि परत फळीवर ठेवली.

"कुलदीप," तो हळूच म्हणाला, "घाई नसन तर थांब जरासा. येवढी एक गाडी आइकून दे."