वाघळाच्या पंखांची पर्स

माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा मुंबईत त्याच्याकडे स्वतःची खोली नव्हती. गिरगावात गाववाल्यांच्या बिऱ्हाडात तो पथारी टाकून राहायचा. म्हणून खोली मिळेपर्यंत वहिनीला कुडाळला आमच्या घरी आणून ठेवलं. पन्नाससाठच्या मधली ही वर्षं. मी तेव्हा हायस्कुलात होते आणि वडील कचेरीत कारकून होते.

वहिनी मुंबईतच वाढलेली. लग्नाआधी ती फोर्टात एका मडमेच्या दुकानात काम करायची. गोऱ्या बायकांचे पार्टीचे झगे तिथे शिवले जात आणि त्यांवर शोभतील अशा छोट्या पर्सा बनत. मखमलीवर काचेचे मणी भरण्यात वहिनीचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं भाऊ सांगायचा. आमच्याकडे आल्यावर तिच्या हातांना कामच उरलं नाही. भात निवडून व्हायचं, अंगण सारवून व्हायचं, तरी ती ओटीवरून मागीलदारी आणि मागीलदारातून ओटीवर येरझारा घालायची. बसली तरी तिची बोटं पदराचं टोक गुंडाळत राहायची.

"तुझा मन खंय आसता गो?" आई विचारायची.

वहिनी हसायची आणि पुन्हा उठायची. तिला बघून मलाही एका जागी बसवेना.

दुपारी ती मला मडमेच्या गोष्टी सांगायची. ऑक्टोबर सरताना त्या लोकांचा हॅलोविन नावाचा सण असतो, त्या दिवशी भुतं परत येतात, म्हणून हे लोक भुतांसारखे कपडे घालून मोठ्या हॉटेलात नाचतात. श्रीमंत बायका आधी दोन महिने येऊन काळे झगे शिवायला टाकतात. एकीने कोळ्याच्या जाळ्यासारखी चांदीची जाळी केसांत घातली होती, दुसरीच्या गळ्यात हाडांसारखे कोरलेले हस्तिदंती मणी होते.

"म्हणजे म्हाळवसात नाचतत?" आईने आतून विचारलं. पितृपक्षाला आमच्याकडे म्हाळवस म्हणतात.

"तसंच काहीतरी, आई," वहिनी म्हणाली.

शिमग्यात आमच्या वाडीचं रोंबाट, म्हणजे सोंगांची मिरवणूक, अंगणात आलं. ढोल, नाच, शबय म्हणजे शिमग्याची पोस्त मागणारी सोंगं, आणि त्यांत संकासूर. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच काळी टोपी, त्याच काळ्या कापडाने झाकलेलं तोंड, डोळ्यांभोवती पांढरी वळी आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. आम्ही लहानपणापासून त्याला बघत आलेलो. वहिनी मात्र दारात जागच्या जागी उभी राहिली. त्याने तिच्यापुढे उडी मारून किंकाळी फोडली तरी ती मागे सरली नाही. उलट वाकून त्याची जीभ कशी शिवली आहे ते बघू लागली. संकासूरच गोंधळून पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून मखमलीचा तुकडा काढला. चार दिवसांत एक पर्स तयार झाली. संकासुराच्या टोपीसारखी वर निमुळती, डोळ्यांच्या जागी पांढऱ्या मण्यांची वळी आणि लाल जीभ म्हणजेच तिचं झाकण. जीभ उचलली की पर्स उघडायची. मी ती हातात घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि मला वाटलं, ही मी नव्हेच.

वैशाखात मुंबईला परतणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर ती पर्स मडमेकडे गेली. त्यानंतर पावसाचे महिने काही कळलं नाही. वहिनी कोणी बाहेरून हाक मारली की धावत दाराशी जायची. चतुर्थीला भाऊ आला तो निरोप घेऊनच. मडमेला पर्स फार आवडली होती. अशाच डझनभर हव्यात, हॅलोविनच्या आधी. सोबत तिने काळी मखमल, अस्तर आणि मण्यांच्या पुड्या पाठवल्या होत्या.

गणपतीच्या दिवसांत घरात माणसांची ये-जा. मधल्या खोलीत अर्धी शिवलेली पर्स पडली होती, ती दर्शनाला आलेल्या गावच्या मानकऱ्यांच्या नजरेस पडली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी केली.

"ह्या कोणाक?"

"मुंबईच्या मडमेंका," आई म्हणाली.

"आमच्या देवळातला सोंग आसा ता. मडमेंनी हातात घेवन नाचूक न्हय."

वडील कचेरीत साहेबाशी बोलावं तसं शुद्ध मराठीत म्हणाले, "आपलं म्हणणं बरोबर आहे. पण सुनेचा हेतू वाईट नाही."

"मगे देवाकच इचारूया," मानकरी म्हणाले.

विसर्जनानंतर आम्ही देवळात गेलो. कौल लावायचं ठरलं होतं. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, आजूबाजूच्या माणसांनी "होय म्हाराजा" म्हटलं. उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही सगळे त्या पाषाणाकडे डोळे लावून बसलो. वहिनीने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बोटांचे वळ उठले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडची कळी सुटून खाली पडली.

वहिनी नमस्कार करून उठली आणि भराभर बाहेर चालू लागली. मी मागे धावले. तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागावलेला होता, पण राग कोणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

"नाही म्हणून कळवते मडमेला. आणि मग बसते भात निवडत," ती म्हणाली.

देवळामागे मोठा वड आहे. त्यावर वाघळं टांगलेली असतात, दिवसाढवळ्या शेकड्यांनी. त्यांच्या कलकलाटाने तिने वर बघितलं. एक वाघूळ आपले दोन्ही पंख छातीवर एकावर एक घेऊन उलटं लटकत होतं, थंडीत शाल गुंडाळावी तसं. त्याने एक पंख उघडला, अंग खाजवलं आणि पंख पुन्हा मिटला.

"हे बघ," वहिनी म्हणाली. "ती पर्सच आहे."

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. मी घाबरले होते, की आता पुन्हा कौल लावायला लागेल. आईने जरा विचार केला.

"वाघळांका खंयचो मानकरी आसा?" ती म्हणाली. "शिव तू."

तेव्हापासून आमच्या घराला उसंत राहिली नाही. पंख मिटलेले राहावेत म्हणून आत काहीतरी लवचीक पाहिजे होतं. तारेने मखमल फाटली. वेत जाड पडला. शेवटी आईने केरसुणीसाठी काढून ठेवलेले माडाचे हीर पुढे केले. ते तेल लावून मऊ केले आणि पंखांत शिवले. डोळ्यांसाठी वहिनीला माणकासारखं लाल काही हवं होतं. मी कुंपणावरच्या वेलीच्या गुंजा आणल्या. सोनाराने त्या चांदीच्या बारीक कोंदणात बसवून दिल्या. मी अस्तर कापायची, आई हीर निवडायची, वहिनी मणी भरायची. अभ्यासाकडे माझं लक्ष नव्हतं. शाळेत बाकावर बसलेली असताना बोटं आपोआप टाके घालत राहायची.

माल मुंबईला गेला आणि घर एकदम रिकामं झालं. वहिनीच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या. मडमेने मागितलं होतं एक आणि आपण पाठवलं भलतंच, हे तिच्या मनातून जाईना. दिवाळीपर्यंत ती नीट जेवली नाही.

दिवाळीला भाऊ आला. अंगणात पाय ठेवताच वहिनीने विचारलं, "काय झालं?"

"आधी पाणी तरी दे," तो म्हणाला, पण तिचा चेहरा बघून त्याने तिथेच सांगायला सुरुवात केली. मडम आधी भडकली होती. हे मी मागवलंच नव्हतं, म्हणाली, आणि सगळ्या पर्सा टेबलाखाली ढकलल्या. तेवढ्यात झगा न्यायला आलेल्या एका बाईने एक उचलली. पंखात बोट घालून तो उघडला, सोडला, पुन्हा उघडला आणि मोठ्याने हसली. तिने दोन घेतल्या. तिच्या मैत्रिणी आल्या. सणाच्या आधी एकही उरली नाही.

"आणि मडम म्हणते, तू परत कधी येतेस?"

वहिनी अंगणातच बसली. मग हसू लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. भावाला एक खोलीही मिळाली होती, लहानशी, पण स्वतःची.

ती जाणार हे कळताच मी हट्ट धरला की मलाही न्या. वडील म्हणाले, "आधी मॅट्रिक हो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मोटारस्टँडवर आई वहिनीच्या हातात गुळातल्या खाज्याची पुडी कोंबत होती. वहिनी खिडकीतून वाकून मला म्हणाली, "पास हो आणि ये. तुझी जागा मी धरून ठेवते."

मी पास झाले, गेले, आणि त्या दुकानात तिच्या शेजारी बसून काम केलं. पुढे मडम आपल्या देशात निघून गेली आणि दुकान बंद झालं. वहिनीने मग आपल्या खोलीतच शिवणकाम सुरू केलं, आणि दर वर्षी ती काहीतरी नवं डोक्यात घेऊन माझ्या मागे लागायची.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मोटार गेली तेव्हा आई म्हणाली, "चल गो, घरी." मला घरी जावंसं वाटेना. मी सावंतवाडीच्या रस्त्याने उगीचच चालत सुटले, आणि आई मागून हाका मारत राहिली.