नंतर लिहिलेली ओळ

तन्मय, ईरा,

हे तुमच्या बाबालाही ठाऊक नाही. आजोबा असते तर त्यांना तरी सांगितलं असतं का — कोण जाणे. परवा मोहनभाऊ, आपले इंटरनेटवाले, नव्या अपडेटचे कागद घेऊन आले. "मॅडम, पुन्हा कमांडी बदलवल्या त्यायनं. एवढं वाचून द्या," म्हणाले आणि गठ्ठा टेबलावर ठेवून गेले. मी कपाटातून जुनी वही काढली. सहा वर्षांनी. जे पान बघायचं नव्हतं, तेच आधी उघडलं. ते कागद मी अजून वाचलेले नाहीत. आधी हे लिहायला हवं, मग ते.

तुम्हाला रंजनामावशी आठवते. आठवणारच — ईरा, गेल्या रविवारी तूच विचारलंस, "आजी, मावशी पुण्याहून कधी येणार?" मी म्हटलं, रजा मिळत नसेल. ती पुण्यात नाही. कधीच नव्हती. पण त्याआधी वहीचं सांगते.

मोहनभाऊंचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. पुढे त्यांनी आपल्या मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर इंटरनेटच्या तारा नेल्या. त्या सगळ्या तारा त्यांच्या ऑफिसातल्या एका राउटरला येऊन मिळतात. राउटर म्हणजे काय, हे मला रंजनानं समजावलं होतं. "बाई, बुलढाण्याच्या स्टँडवरचा कंट्रोलर समजा. हे पाकीट मलकापूरच्या गाडीत, ते चिखलीच्या." माहितीचं प्रत्येक पाकीट बघायचं आणि योग्य तारेवर पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. पण ते त्याला टाइप करून सांगावं लागतं, ठरलेल्या आदेशांत. आणि दर अपडेटला यंत्राची कंपनी काही आदेश बदलते. कशाचं नाव बदलतं, कशाचा क्रम. कधी पूर्वी आपोआप होणारी गोष्ट यापुढे मुद्दाम सांगावी लागते. हे सगळं पंधरा-वीस पानांच्या इंग्रजीत येतं.

ते यंत्र रंजना सांभाळायची. वडनेर भोलजीची, माझी विद्यार्थिनी. खांबावरच्या तारेपासून राउटरपर्यंत सगळं तिला यायचं, फक्त लांब इंग्रजी वाक्यात ती अडकायची. म्हणून कागद माझ्याकडे. मी वहीत दोन रकाने आखायची — डावीकडे जुना आदेश, उजवीकडे नवा, खाली एका ओळीत मराठीत अर्थ. ती त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायची आणि फोटो बघून टाइप करायची. वही माझ्या कपाटात राहायची. "तुमची वही हाय म्हून मले भेव नाही," म्हणायची. निवृत्तीनंतर माझ्या इंग्रजीची कुणाला गरज आहे, हे ऐकायला मला किती आवडायचं — ते आता लिहितानाही लाज वाटते.

ती रविवारी दुपारी यायची आणि तुमच्या कॉलपर्यंत थांबायची. आधी बाजूला बसायची, मग तुम्हीच ओरडायचात, "मावशी!"

"काऊन रे तन्या, बर्फात नाक गळून नाही पडलं तुहं?"

"नाही!"

"मंग दाखव बरं, हाय का जाग्यावर!"

असं ती म्हणाली की, तन्मय, तू नाक स्क्रीनला चिकटवायचास. माझ्याशी बोलताना? "आजी, कशी आहेस. शाळा छान आहे. हो. हो." ईरा तिच्याकडून 'हाव' म्हणायला शिकली. मी सांगायची, 'हो' म्हणावं. मग ईरा तिच्याकडे बघून मोठ्यानं "हाव!" म्हणायची आणि तुम्ही तिघं हसायचात. मीही हसायची. खरंच हसायची का?

तुमचं हसू मला हवं होतं. इतक्या लांबून, आठवड्यातून अर्धा तास येणारं — आणि तेही शेजारच्या खुर्चीकडे बघून.

त्या रविवारी कागद नेहमीपेक्षा जास्त होते. साडेसहा झाले, सातला तुमचा फोन. शेवटची दोन पानं उरली होती. मला रंजना उठून जायला हवी होती. लिहिलं बघा. एक तरी रविवार फक्त माझा असावा, असं वाटलं. मी त्या पानांवरून नुसती नजर फिरवली, वहीत खाली लिहिलं, "बाकी बदल नाही." तिनं फोटो काढला.

"फोनपर्यंत थांबू काय, बाई?"

"नको. आज मुलांना बरं नाही. फोन येणार नाही."

"अगं माय! काय झालं लेकरायले?"

"सर्दी-ताप," मी म्हटलं. ती स्कार्फ बांधता बांधता दोनदा म्हणाली, कळवा मले, बाई. ती गेली. सातला तुम्ही दिसलात, ठणठणीत. तुमचा पहिला प्रश्न होता, मावशी कुठे आहे?

सोमवारी दुपारी, गाव जेवून आडवं होतं त्या वेळी, तिनं अपडेट टाकलं आणि सगळं बंद पडलं. तिचा फोन आला. "बाई, शेवटी काही लिहाचं राह्यलं काय? म्या सारं बराबर टाकलं, पण आलेलं पाकीट पुढं जाऊनच नाही राह्यलं. गाड्या स्टँडात येतेत, सुटत एक नाही."

"नाही गं. सगळं लिहिलंय."

फोन ठेवला आणि मग कागद उघडले. शेवटून दुसरं पान. पाकिटं पुढे पाठवणं पूर्वी आपोआप सुरू असे. नव्या आवृत्तीत ते बंद असेल, प्रत्येक तारेसाठी वेगळा आदेश देऊन सुरू करावं लागेल. साधं वाक्य. आठवीतल्या मुलीला वाचता आलं असतं.

मला फक्त तो फोन परत लावायचा होता. मोबाइल हातातच होता. का लावला नाही? इतक्या वर्षांत मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन पाहिली. एकही टिकलं नाही. तिला सापडेल, असं म्हणत बसले. संध्याकाळी पेन घेतलं — तेच, निळ्या शाईचं. "बाकी बदल नाही" या शब्दांच्या वर थोडी जागा होती. तिथे तो आदेश लिहिला. डावीकडे रेघ, कारण जुना आदेश नव्हताच, उजवीकडे नवा, खाली मराठीत अर्थ. अक्षर नेहमीसारखं, स्वच्छ.

मंगळवारी दुपारी कंपनीच्या माणसानं फोनवर तो आदेश सांगितला तेव्हा गावाचं नेट सुरू झालं. तोवर कॉलेज प्रवेशाच्या अर्जाची मुदत टळली होती. काही मुली त्याआधीच बुलढाण्याला जाऊन अर्ज भरून आल्या होत्या. काहींना घरून पाठवलं नाही. मोहनभाऊंच्या दारात लोक जमले होते. ते लोक काय काय बोलले, ते मी इथे लिहीत नाही.

बुधवारी सकाळी मोहनभाऊ तिला घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, ही म्हणते वहीत नव्हतं. म्हटलं, जाऊन पाहूच."

मी वही समोर ठेवली. त्यांनी बोट फिरवत नेलं, त्या ओळीवर थांबले. "हे काय हाय मंग?"

रंजना वाकली. बराच वेळ वाकून राहिली. तिच्या हातात मोबाइल होता. त्यात रविवारचा फोटो होता — हेच पान, त्या ओळीवाचून. एकदा बोट लावायचं की झालं. मी ते बोट बघत होते. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग चालला असता. एखादं मूल शाळेच्या वाटेवर पडलं की आपण त्याच्याकडे बघतो ना, तसं पाहिलं. आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"सुटलं असन माह्या नजरेतून," ती म्हणाली.

"नजरेतून? लोक माहं दार तोडून राह्यले होते, अन् तू म्हणतं नजरेतून! मॅडमनं एवढं मोत्यावानी लिवून देल्लं तरी?"

मी काय केलं? चहा टाकला. तीन कप. तिनं घेतला नाही. निघताना दारात चप्पल घालत म्हणाली, "लेकरायचा ताप उतरला काय, बाई?" मी म्हटलं, उतरला. "बरं झालं. येतो," ती म्हणाली. नेहमी तसंच म्हणायची. त्यानंतर आली नाही.

त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली; तेव्हापासून परवापर्यंत अपडेटं कंपनीचा माणूसच टाकत आला. ज्या गावात ती खांबावर चढली तर बायका थांबून बघायच्या, तिथे 'नेट बंद पाडणारी' म्हणून तिचं नाव झालं. दुसऱ्या कुणी तिला या कामावर घेतलं नाही. आता वडनेर भोलजीला भावाकडे असते, ब्लाउज शिवते, असं ऐकते. तुम्हाला मात्र मी सांगितलं, तिला पुण्यात मोठी नोकरी लागली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्याही मी ऐकून घेतल्या.

इथून नांदुऱ्याची एसटी मिळते. नांदुऱ्याहून तिचं गाव जवळच. मी त्या गाडीत कधी बसले नाही. रविवारी साडेसहाला अजून दाराकडे लक्ष जातं. दुसरी खुर्ची मी उचललेली नाही. तुमचा कॉल येतो, पूर्ण अर्धा तास माझा असतो. हवा होता तसा. तुम्ही विचारता कशी आहेस, मी सांगते बरी आहे, आणि मग तुमची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे जाते. तुमच्यावर यातलं काही नाही. तुम्ही फक्त फोन केला होतात. बाकीचं मी केलं.

हे वाचून तुम्ही काय म्हणावं, हे मी सुचवणार नाही. आज हेच पत्र मोहनभाऊंसाठी पुन्हा लिहून काढते आहे, आणि एक प्रत तिच्यासाठी. उशीर किती झाला, ते मला मोजता येतं.

वही माझ्याकडे आहे. ती ओळ वरच्या ओळींपेक्षा जरा दाटीनं बसली आहे, नीट पाहिलं तर कळतं. तो आदेश मोहनभाऊंच्या राउटरमध्ये अजून चालू आहे. रविवारी तुम्ही मला दिसता ते त्याच्यामुळे. आणि ईरा, तू अजून 'हाव' म्हणतेस.