पाय दिसू देत

दहिवडीच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली आणि आत्यानं माझ्या जुईचा परकर ओढून घोट्यांखाली नेला. "तिकडं तरी पाय झाकून ठेव पोरीचे. लोक नावं ठेवत्यात." आई बाजूला उभी होती, तोंडाला पदर लावून. तिचं नेहमीचंच, "माझंच चुकलं गं." जुई खिडकीची जागा पकडायच्या घाईत होती.

दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. मग माझे, मग जुईचे. गावात त्याला मुडदूस म्हणायचे आणि खापर आईवर फोडायचे. पोरीला दूध दिलं नाही, उन्हात बसवलं नाही! अहो, आईनं मला इतकं उन्हात बसवलं की मी करपले. घरातल्या प्रत्येक फोटोत दादा आणि मी खुर्चीवर, मांडीवर शाल.

नवरा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आम्ही मायलेकी मागून कोपरखैरण्याला आलो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं, रक्तात एक हार्मोन जास्त होतं आणि हाडांना लागणारं फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं. नुसत्या दूध-उन्हानं काही होत नाही. आणि बापाला असलं की लेकीला येणारच. मी तिथंच रडले. संताप संताप झाला. म्हणजे आईनं जन्मभर उगाच बोलणी खाल्ली!

आता जुईला दर पंधरवड्याला अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं. ते त्या हार्मोनला आवरून धरतं. मिळवायला किती दारं ठोठावली, ते मलाच ठाऊक. ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. लाइट गेली की खालच्या घरमालकीण मावशी इन्व्हर्टरवरचा आपला फ्रिज उघडतात. "ठेव गो, माझ्या कोलंबीशेजारी जागा हाय." वर मलाच दम, "पोरीला चड्डी घाल, गरमी किती हाय!" जुई चड्डी घालून लंगडी खेळते. पाय अजून पुरते सरळ नाहीत, पण रात्रीचं दुखणं थांबलंय.

आत्याचा फोन येतो, "सुधारली ना पोर? मग या की परत." नाही येणार! वाढीच्या वयात इंजेक्शन मध्येच सोडलं तर फॉस्फेट पुन्हा गळायला लागेल. तुमच्याकडं लाइट दिवसदिवस नसते.

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला गेलो. जुईनं गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातला होता. फोटोच्या वेळी आत्यानं दोन खुर्च्या आणल्या, एक जुईला, एक मला. म्हटलं, "आत्या, तूच बस." साडी जरा वर खोचली आणि माझ्या वाकड्या पायांवर जुईशेजारी उभी राहिले. आईला हात धरून मध्ये ओढलं आणि भावकीसमोर मोठ्यानं सांगितलं, "हिचं काही चुकलं नव्हतं. हे दुखणं दादांकडून आलंय, तुमच्याच रक्तातलं." मग फोटोवाल्याला म्हटलं, "काढ आता."

तो फोटो इथं भिंतीवर लावलाय. आई, माझं घर आता हेच. तू ये. येताना ते 'माझंच चुकलं' तेवढं गावीच ठेवून ये.