अवेळची ओहोटी

"समुद्र अचानक खूप आत गेला, तळ उघडा पडला, तर तुम्ही काय कराल?" इन्स्पेक्टर बाईंनी माझ्या सातवीच्या वर्गाला विचारलं.

अख्ख्या वर्गाचे हात वर. बाईंनी खिडकीजवळच्या हिराला उभं केलं.

"टोपली घेऊन धावू, बाई. निवट्या, खुबे, चिंबोऱ्या, सगळं उघड्यावर मिळंल."

वर्गाने माना डोलावल्या. बाईंचं पेन थांबलं. मागच्या बाकावर मुख्याध्यापक सबनीस बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून चष्मा पुसायला घेतला.

शाळा अंधेरी पश्चिमेला, कोळीवाड्याला लागून. वर्षं एकोणीसशे ऐंशीनंतरची. मी गोदामात पेट्या उचलून रात्रशाळा केली, मग कॉलेज, मग बी.एड. कोणाची चिठ्ठी नाही, ओळख नाही. तीन वर्षं तात्पुरता शिक्षक होतो. कायमची ऑर्डर या एका पाठावर अडकली होती.

पाठ होता मोठे भूकंप आणि त्सुनामी. सबनीस आदल्या दिवशी म्हणाले होते, "परब, कोयना सांगा आणि संपवा. जपानचं जपानला." मी ऐकलं नव्हतं. समुद्राखाली जमिनीचे दोन अवाढव्य थर एकमेकांत अडकलेले असतात. एक दुसऱ्याखाली सरकू पाहतो. वर्षानुवर्षं ताण साठतो आणि एक दिवस अडकण सुटते. तळ उसळतो, वरचं पाणी ढकललं जातं, तीच त्सुनामी. कित्येकदा किनाऱ्यावर पाणी आधी मागे जातं आणि मग चढून येतं. हे सगळं मी फळ्यावर काढलं, पोरांनी उतरवून घेतलं. आणि उत्तर काय, तर टोपली.

बाई उठल्या. "दुसरा वर्ग पाहू या."

"बाई, उत्तर चुकलेलं नाही," मी म्हणालो. "ओहोटीचं ते बरोबर उत्तर आहे. मला अजून एक तास द्या."

"एक तास? मला नववी बघायची आहे."

"मग अर्धा."

"परब, हा बाजार नाही," सबनीस म्हणाले.

"मधली सुट्टी द्या. ती तर कुणाचीच नाही."

बाई हसल्या. "सुट्टी घ्या. पण मुलं राहिली तर."

मुलं राहिली. डबे मात्र उघडले.

जिन्याखालून मी माझी पन्हळ आणली. छपराचं पाणी वाहून न्यायला लावतात ती, कुर्ल्याच्या भंगारवाल्याशी घासाघीस करून घेतलेली. दोन्ही टोकं पत्र्याने बंद केलेली. फरशी भिजेल म्हणून सबनीसांनी तिला वर्गात येऊ दिलं नव्हतं. मी ती व्हरांड्यात मांडली, पाणी भरलं. एका टोकाला ओली वाळू, वाळूत शिंपल्यांच्या जागी चिंचोके.

"हिरा, हे तुझे खुबे. पाणी गेलं की वेच."

मी ते टोक हळू उचललं. पाणी सरकलं, हिराने वेचले. हळू खाली केलं, पाणी हळू आलं. "ही ओहोटी." दुसऱ्यांदा उचललं आणि धाडकन सोडलं. पाणी वाळूवरून उडून हिराच्या फ्रॉकवर आणि बाईंच्या साडीच्या काठावर गेलं. चिंचोके वाहून गेले.

"सर, तुमी फसवलंत."

"मी कशाला? फुकट माल दिसला की तू आधी धावतेस, विचारत नाहीस."

"पन कळायचं कसं, ही सुकती की ती?"

सुकती म्हणजे ओहोटी. प्रश्न बिनतोड होता आणि माझ्या पुस्तकात उत्तर नव्हतं. मी विचारलं, "आज सुकती कधी?"

"आज पुनव ना, सर. आता भरती. सुकती संध्याकाळी." सगळा वर्ग बोलला. तिथीवरून त्यांना पाणी कळतं.

"मग आत्ता पाणी मागे गेलं तर?"

हिरा म्हणाली, "आता नाय जाणार. आता गेलं तर दर्यात कायतरी बिघडलंय."

"टोपली?"

"टाकायची. उंचावर पळायचं."

"आणि एक लाट ओसरली म्हणून परत उतरायचं नाही. पुढची मोठी असू शकते. जमीन जोरात, बराच वेळ हलली, तर पाणी मागे जायचीही वाट बघायची नाही."

"आणि बाबा होडी घेऊन गेला असंल तर?"

"तर त्याने किनाऱ्याकडे यायचं नाही. खोल पाण्यात ती लाट फारशी जाणवत नाही."

तिने वाहून गेलेले चिंचोके गोळा केले. "सांगते त्याला," म्हणाली.

बाईंनी साडी पिळली आणि चांगला शेरा लिहिला.

त्या गेल्यावर सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. "ऑर्डर झालीच समजा, परब. पन्हळ तेवढी ऑफिसात राहू दे."

महिनाभराने कळलं, पन्हळ विज्ञान प्रदर्शनात जाणार. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: कल्पना, मुख्याध्यापक सबनीस. ऑर्डरचा पत्ता नव्हता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शिपाई धावत आला. साहेबांना पन्हळ उचलून नीट सोडता येत नव्हती, सारखी फरशी भिजत होती. मी आवाज चढवला, सगळ्या स्टाफरूमने ऐकला. "आधी ऑर्डर, मग पन्हळ."

ऑर्डरवर सही संध्याकाळी झाली. पुठ्ठा तसाच राहिला. बक्षीस मिळालं तेही त्यांनाच.

तीन वर्षांत त्या माणसाने मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. चहा आला तेव्हाच मी उंचावर पळायला हवं होतं.